शिर्डीची वाचनमंडळी

1911 च्या डिसेंबरपासून 1912 च्या मार्चपर्यंत शिर्डीत कोण काय वाचत होते, याची जवळजवळ रोजची नोंद आज वाचायला मिळते. ती ठेवली अमरावतीचे नामवंत वकील आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांनी. दादासाहेब 6 डिसेंबर 1911 रोजी शिर्डीत आले आणि 15 मार्च 1912 पर्यंत तेथे राहिले. त्यांची रोजनिशी इंग्रजीत असे. तिच्यातला हा भाग पुढे ‘शिर्डी डायरी’ या नावाने प्रसिद्ध झाला. साईबाबांच्या दर्शनाचे, आरत्यांचे आणि चावडीच्या मिरवणुकीचे तपशील मिळतात म्हणून भक्त ती वाचतात. पण या नोंदींमधून एका वाचनमंडळीचे चित्रही उभे राहते. आज कोणता ग्रंथ हाती घेतला, तो कोणाबरोबर वाचला आणि रात्री कोणी काय वाचून दाखवले, हे दादासाहेब नेमाने टिपून ठेवत.

या मंडळीचे सभासद ठरलेले नव्हते. शिर्डीत मुक्कामाला असलेली माणसे दुपारी एकत्र बसत आणि वाचन सुरू होई. रोजनिशीत वारंवार येणारी नावे म्हणजे बापूसाहेब जोग, पुढे साकोरीचे उपासनी महाराज म्हणून प्रसिद्ध झालेले काशिनाथशास्त्री उपासनी, कृष्णराव भीष्म आणि लक्ष्मीबाई कौजलगी. वकील, शास्त्री, भजनकार आणि एक स्त्री एकाच पोथीभोवती बसत होती, हे त्या काळाच्या मानाने लक्षात घेण्यासारखे आहे. मुकुंदराजांचे ‘परमामृत’ या मंडळीत वाचले गेले आणि विद्यारण्यांची ‘पंचदशी’ही. पंचदशी हा चौदाव्या शतकातला अद्वैत वेदान्तावरचा संस्कृत ग्रंथ असून त्याची पंधरा प्रकरणे आहेत. तो एकट्याने वाचून समजणे कठीण. दादासाहेब संस्कृतचे जाणकार असल्याने ते अर्थ उलगडून सांगत आणि बाकीचे ऐकत. हेच दादासाहेब मशिदीत बाबांपुढे मात्र एक शब्दही न बोलता बसत, असे ‘साईसच्चरित’ या बाबांच्या ओवीबद्ध चरित्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात आवर्जून सांगितले आहे.

रात्रीचे वाचन वेगळे असे. ते करत मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम तथा काकासाहेब दीक्षित. त्यांनी शिर्डीत वाडा बांधला होता. डिसेंबर 1910 मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि 1911 च्या रामनवमीला वास्तुप्रवेश झाला. भीष्मांचे भजन आणि दीक्षितांचे रामायण, ही जोडी खापर्ड्यांच्या रोजनिशीत इतक्या वेळा येते की त्याशिवाय शिर्डीतली रात्र पुरी होत नसावी असे वाटते. हे रामायण म्हणजे संत एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’. दुपारी अवघड ग्रंथ थोडा थोडा पुढे सरके, त्यावर चर्चा होई. रात्री ओघवती ओवी चाले आणि तेथे चर्चेपेक्षा श्रवणाला महत्त्व असे. एका जागी बसूनही एकत्र वाचण्याच्या या दोन अगदी निराळ्या रीती होत्या आणि शिर्डीत दोन्ही एकाच दिवशी चालत.

या सगळ्याच्या मध्यभागी असलेल्या साईबाबांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. भक्त काय वाचतात याची मात्र ते बारकाईने चौकशी करत. बाबांचे भक्त नानासाहेब चांदोरकर यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. बाबांचे पाय चेपता चेपता नानासाहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. काय पुटपुटतोस, असे बाबांनी विचारले. गीतेतला श्लोक आहे असे कळल्यावर तो मोठ्याने म्हणायला लावला आणि मग एकेका पदाचा अर्थ विचारत नानासाहेबांना असे अडचणीत आणले की संस्कृतचा अभिमान असलेले ते गृहस्थ निरुत्तर झाले. गुरूला शरण जाण्याबद्दलचा हा श्लोक चौथ्या अध्यायातला आहे. मनातल्या मनात चाललेले वाचन दुसऱ्याच्या कानावर पडले आणि त्यातून प्रश्न निर्माण झाले. चार माणसांत वाचण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच. एकट्या वाचकाला जे समजले असे वाटते, ते दुसऱ्याला सांगताना किती समजले हे उघड होते.

पुस्तक एका वाचकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, याच्या कथाही साईसच्चरिताच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहेत. भक्त काका महाजनी एकदा ‘एकनाथी भागवत’ बरोबर घेऊन शिर्डीला आले. माधवराव देशपांडे, म्हणजे शामा, यांनी ते वाचायला मागून घेतले आणि हातात घेऊनच मशिदीत गेले. बाबांनी पोथी हाती घेतली, चार पाने उलटली आणि ती शामालाच ठेवून घ्यायला सांगितली. पोथी माझी नाही, काकांची आहे, परत द्यायची आहे, असे शामा म्हणाले. तरी बाबा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पुढे काका महाजनी त्याच ग्रंथाची दुसरी प्रत घेऊन आले, ती बाबांच्या हाती दिली आणि त्यांच्या हातून प्रसाद म्हणून परत घेतली. परिणाम असा झाला की एका ग्रंथाच्या दोन प्रती दोन घरांत गेल्या आणि दोन्ही वाचल्या गेल्या. अशा रीतीने शामांकडे पोथ्या जमत गेल्या.

त्याच अध्यायातली विष्णुसहस्रनामाची कथा अधिक रंगतदार आहे. शिर्डीत आलेला एक रामदासी रोज विष्णुसहस्रनाम आणि अध्यात्म रामायण वाचत असे. एके दिवशी पोट दुखते म्हणून बाबांनी त्याला बाजारातून सोनामुखी आणायला पाठवले. तो जाताच त्याच्या पोथ्यांतून विष्णुसहस्रनाम काढून त्यांनी शामांच्या हाती ठेवले. शामा घ्यायला तयार नव्हते. त्यांना संस्कृत उच्चार जमत नव्हते आणि रामदाशाचा तापट स्वभावही ठाऊक होता. व्हायचे तेच झाले. रामदासी परत आला, पोथी गेलेली पाहून शामांवर तुटून पडला. अखेर बाबांनी त्याची समजूत काढली, शामांनी बदल्यात पंचरत्नी गीता मागितली आणि भांडण मिटले. पुढे शामांनी सहस्रनामाचा अभ्यास केला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक नारके यांना त्याचा अर्थ समजावून देण्याइतकी त्यांची तयारी झाली. ज्याला पुस्तक नको होते तोच ते दुसऱ्याला शिकवू लागला. या कथेकडे भक्त चमत्कार म्हणून पाहतात. वाचनाच्या दृष्टीने पाहिले तर पुस्तक योग्य माणसापर्यंत पोचण्यासाठी कधी कधी तिसऱ्या माणसाची गरज लागते, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

बापूसाहेब जोगांना टपालाने टिळकांचे ‘गीतारहस्य’ आले, ती घटनाही अशीच. हा ग्रंथ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिला. त्याच टिळकांचे स्नेही खापर्डे शिर्डीत पंचदशी वाचत होते, तेव्हा त्याचे हस्तलिखित मंडालेत तयार होते. ग्रंथ छापून आला 1915 मध्ये. जोगांनी पार्सल काखेत धरून नमस्कार केला तेव्हा ते बाबांच्या पायाशी पडले. बाबांनी ते उघडायला लावले, पुस्तकावर एक रुपया ठेवला आणि पूर्ण वाच, कल्याण होईल, अशा अर्थाचा आशीर्वाद दिला. पारंपरिक पोथ्यांच्या त्या मेळ्यात एक ताजे, गाजत असलेले पुस्तकही सहज सामावले गेले, ही बाब महत्त्वाची आहे. शिर्डीत फक्त जुने वाचले जात होते असे समजण्याचे कारण नाही.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. सगळ्यांनी एकच ग्रंथ वाचावा असा आग्रह कोठेही नव्हता. दीक्षितांकडे एकनाथांचे दोन ग्रंथ होते, जोगांकडे गीतारहस्य, शामांकडे सहस्रनाम. साठे नावाचे भक्त गुरुचरित्राचा सप्ताह करत, गोविंद रघुनाथ दाभोलकर रोज एकनाथी भागवत वाचत. कोणाचे काय चालले आहे हे सर्वांना माहीत असल्याने शंका आली तर कोणाकडे जायचे हेही माहीत असे. पुण्याचे अनंतराव पाटणकर पुष्कळ वाचूनही मनाला शांती नाही, अशी तक्रार घेऊन आले. बाबांनी त्यांना घोड्याच्या नऊ लेंड्या गोळा करणाऱ्या सौदागराची गोष्ट सांगितली. पाटणकरांना काहीच उमगले नाही. ते दादा केळकरांकडे गेले आणि केळकरांनी त्या नऊ लेंड्या म्हणजे नवविधा भक्ती, असा उलगडा केला. त्या नऊ प्रकारांत पहिले स्थान श्रवणाला आहे. गोष्ट एकाने सांगितली आणि अर्थ दुसऱ्याने लावला.

बाळकृष्ण विश्वनाथ देव यांचे उदाहरण मात्र या सर्वांत मोलाचे. ते डहाणूचे मामलेदार होते. इतर ग्रंथ ते सहज वाचत, पण ज्ञानेश्वरी हाती घेतली की मनात भलतेच विचार येत आणि वाचन थांबे. बाबा सांगतील तेव्हाच ती सुरू करायची, असे त्यांनी ठरवून टाकले. 1914 च्या सुरुवातीला ते शिर्डीत आले असता बाबांनी त्यांना आधी चांगलेच फैलावर घेतले आणि मग वाड्यात बसून रोज नेमाने वाचायला सांगितले. त्यात एक भर होती: वाचता वाचता सर्वांना प्रेमाने अर्थ सांगत जा. काही दिवसांनी, 2 एप्रिल 1914 रोजी, देवांना स्वप्न पडले. त्यात बाबांनी पोथी समजते का असे विचारले आणि घाई करतोस म्हणून कान टोचले. अडलेल्या वाचकाला दिलेला हा सल्ला कोणत्याही काळात उपयोगी पडेल असा आहे. रोज थोडे वाचावे, घाई करू नये, आणि समजले तेवढे जवळच्या माणसाला सांगावे.

15 ऑक्टोबर 1918 रोजी साईबाबांनी देह ठेवला. वाचनमंडळी मात्र मोडली नाही, ती पांगली आणि ठिकठिकाणी बसू लागली. मुंबईत चौपाटीला काका महाजनींच्या घरी काकासाहेब दीक्षित एकनाथी भागवत वाचत असल्याचा प्रसंग साईसच्चरितात आला आहे. ऐकायला शामा होते, महाजनी होते. त्या दिवशी नवनाथांच्या भक्तीचे वर्णन ऐकून दीक्षितांनाच शंका आली की अशी भक्ती आपल्याला या जन्मी जमेल का. वाचणाराच मध्ये थांबतो, ऐकणाऱ्यांपुढे आपली शंका मांडतो आणि पुढचे काही दिवस सगळे त्यावर बोलत राहतात, हे जिवंत वाचनाचे लक्षण आहे.

1923 मध्ये ‘श्री साईलीला’ हे नियतकालिक सुरू झाले आणि नव्या प्रकारचे सहवाचन शक्य झाले. दाभोलकरांनी, म्हणजेच हेमाडपंतांनी, लिहिलेले साईसच्चरिताचे अध्याय त्यात क्रमाक्रमाने येऊ लागले. निरनिराळ्या गावांतले वाचक एकच अध्याय वाचून पुढच्याची वाट पाहत. दाभोलकर 1929 मध्ये वारले आणि ग्रंथ 1930 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात नऊ हजारांहून अधिक ओव्या आहेत. शेवटी सर्व ग्रंथाचा सारांश देणारी अवतरणिका जोडण्याचा लेखकाचा मानस होता, पण ती त्यांच्या कागदांत सापडली नाही. तेव्हा त्रेपन्नावा अध्याय म्हणून ती लिहिली ‘बाबांचे बाळ’ या नावाने देव यांनी. ज्ञानेश्वरीपुढे अडखळणारा, वाचून इतरांना समजावून सांगायला लावलेला तोच वाचक अखेर संपूर्ण ग्रंथाचे सार सांगणारा झाला.

आज शिर्डीत सहवाचन म्हटले की डोळ्यांपुढे येते ते साईसच्चरिताचे पारायण. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि पुण्यतिथी हे तीन मुख्य उत्सव. त्यांच्या पहिल्या दिवशी बाबांची प्रतिमा, पोथी आणि वीणा यांची मिरवणूक निघते आणि द्वारकामाईत, म्हणजे बाबांच्या मशिदीत, अखंड पारायण सुरू होते. एकाचा अध्याय संपला की दुसरा पोथीपुढे बसतो. रात्रभर वाचन चालते आणि दुसऱ्या दिवशी समाप्ती होते. एक अध्याय वाचायला मिळावा म्हणून नाव देणारे भक्त इतके असतात की चिठ्ठ्या काढून वाचक ठरवावे लागतात. पोथी लांबलचक, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच अध्याय येतो. बाकीचे अध्याय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे असतात. श्रावणातल्या पारायण सोहळ्याची रीत निराळी. तेथे हजारो स्त्री-पुरुष आपापली पोथी पुढे घेऊन मंडपात बसतात आणि 53 अध्याय सात-आठ दिवसांत पुरे करतात, म्हणजे दिवसाला साधारण सात अध्याय. एकट्याने घरी बसून ही गती टिकवणे अनेकांना जमत नाही. शेजारची बाई पान उलटते आहे हे दिसले की आपलेही पान उलटते.

या पद्धतीची मुळे शिर्डीच्याच परिसरात खोल गेली आहेत. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती प्रवरेकाठच्या नेवाशात, श्रोत्यांसमोर. ती लिहून घेतली सच्चिदानंद बाबांनी. गोदावरीच्या काठी सरला बेटाच्या परंपरेतला गंगागिरी महाराजांचा सप्ताह आजही लाखोंना एकत्र आणतो. गावोगावच्या ज्ञानेश्वरी पारायणात व्यासपीठ चालवणारा एक जाणता वाचक गती ठरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून जातात. अक्षरओळख बेताची असलेली माणसेही अशा वाचनात वर्षानुवर्षे बसून ग्रंथ जवळजवळ पाठ करतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांत साक्षरतेच्या आधी ग्रंथ पोचले ते या वाटेने.

एक वाचक आणि अनेक श्रोते ही रीत फक्त देवळांपुरती नाही. क्यूबात हवाना शहरातल्या सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांना कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे वाचून दाखवली जात. वाचणाऱ्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत आणि पुढचे पुस्तक कोणते लावायचे हेही मत घेऊन ठरवत. अलेक्झांडर द्युमाची मॉन्टे क्रिस्टोची कथा त्यांना इतकी आवडली की एका प्रसिद्ध सिगारला पुढे तिचे नाव मिळाले.

पारायणाला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. पारायणात ग्रंथ पुरा होतो, पण प्रश्न विचारायला थांबता येत नाही. ओवी कळली नाही तरी पुढे जावे लागते, कारण सगळे पुढे गेलेले असतात. 1912 च्या वाड्यात पंचदशीचे एक पान तासभर चालू शकत होते. श्रवणाचे पुण्य आणि चर्चेचा प्रकाश या दोन्हींसाठी वेगवेगळी बैठक लागते. शिर्डीच्या इतिहासात दोन्ही आहेत. त्यांतली पहिली आज भरभरून चालते, दुसरी क्षीण झाली आहे. ती पुन्हा उभी राहायला हवी.

चर्चेच्या बैठकीची परंपरा महाराष्ट्रात अन्यत्र टिकून आहे. 1974 च्या अखेरीस मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली. वाचकांना आधी सभासद करून घ्यायचे आणि त्यांच्या बळावर पुस्तके काढायची, ही तिची कल्पना होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही पुस्तके तिने काढली आणि घराघरांत त्यांच्यावर वाद झडले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. तिच्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिने तेथे राहते आणि मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत या पेट्या गेल्या आहेत. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार 4 मे 2017 रोजी पुस्तकांचे गाव झाले. तेथे लोकांच्या घरांत, शाळेत, देवळात पुस्तके ठेवली आहेत आणि वाचायला येणाऱ्याला घरमालकाशी बोलावेच लागते.

सहवाचनासाठी फार काही लागत नाही, पण दोन-तीन पथ्ये उपयोगी पडतात. पुस्तक पूर्ण वाचून होण्याची वाट पाहू नये. अर्ध्यावर असलेल्या वाचकाजवळ प्रश्न असतात, तर संपवून आलेल्याजवळ बहुधा मत तयार असते, आणि बोलणे रंगते ते प्रश्नांनी. सगळ्यांनी एकच पुस्तक घ्यावे हेही आवश्यक नाही. प्रत्येकाने आपण कोठपर्यंत आलो, काय आवडले, काय अडले हे सांगितले तरी पुरे. खापर्ड्यांनी रोजनिशीत ग्रंथांची परीक्षणे लिहिली नाहीत. ग्रंथाचे नाव आणि सोबत्यांची नावे एवढेच ते बहुतेक वेळा टिपत. अशी एक वही गटात ठेवली तर वर्षभराने तिच्याइतका चांगला वाचन-इतिहास दुसरा नसेल. आणि ज्याला वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी दिसत नाही, अशा माणसाला बैठकीत आवर्जून बोलवावे. त्याच्यासाठी एक पान मोठ्याने वाचले जाते आणि मोठ्याने वाचलेले पान सगळ्यांनाच अधिक समजते.

शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात वाचनालये आहेत, देवळांचे मंडप आहेत, शाळांच्या खोल्या सुटीच्या दिवशी रिकाम्या असतात. पारायणाला सात दिवस बसू शकणाऱ्या माणसांनी आठवड्यातून एक तास चर्चेच्या वाचनाला द्यावा. येताना सध्या वाचत असलेले पुस्तक, मग ती पोथी असो, कादंबरी असो की शेतीचे पुस्तक, खुणेच्या पानासह बरोबर आणावे.